एनसीएएच्या अध्यक्षांना खुलं पत्र : लिनेट वुडर्डचे ३,६४९ पॉइंट तुमच्या वहीत कधी येणार?

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
४ मार्च २०२४

माननीय चार्ली बेकर,
अध्यक्ष, एनसीएए, इंडियानापोलिस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे. इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी येते आहे, तेव्हा दुभाषा शोधायच्या फंदात पडू नका. मराठीत अशासाठी, की बास्केटबॉल मी मराठीत शिकले. ‘सोड बॉल, सोड!’, ‘रिबाउंड कोणाचा होता? झोपली होतीस का?’ ही आमची सगळी आरडाओरड नागपूरच्या डांबरी कोर्टावर याच भाषेत चालायची. कालपासून त्याच कोर्टावरच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक’ असे मेसेज फिरताहेत. त्यातल्या एकातही १९७७ ते १९८१मध्ये कॅन्सस विद्यापीठाकडून खेळलेल्या लिनेट वुडर्डचं नाव नाही. ते का नाही, हे तुम्हाला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएला, ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणींनाही कळावं, म्हणून हे पत्र खुलं.

काल दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट. पहिला हाफ संपायला ०.३ सेकंद उरलेले, टेक्निकल फाउल झालेला, आणि आयोवाची केटलिन क्लार्क फ्री-थ्रो लाइनवर. बॉल जाळीतून खाली आला आणि पुरुषांच्या यादीत सगळ्यात वर असलेल्या पीट मॅराविचचे ३,६६७ पॉइंट मागे पडले. माझी लेक क्लार्कचा बावीस नंबरचा टी-शर्ट घालून सोफ्यावर चढून नाचत होती, आणि मी तिला खाली उतर म्हणाले नाही, कारण मीही ओरडत होते. हे आधीच सांगून ठेवते. क्लार्कच्या पानातलं काही काढून घ्यायला मी आलेली नाही. ती जे करते आहे ते डोळ्यांनी बघायला मिळतंय, हे आमचं भाग्य.

हाफ-टाइमला लेक फोनवर महिलांच्या सर्वाधिक पॉइंटची यादी बघत बसली. सगळ्यात वर क्लार्क, खाली केल्सी प्लम, मग पुढची नावं. अंगठ्याने वर-खाली करत तिने विचारलं, “आई, आपण बघितलेली एकतीस नंबरवाली यात कुठंय?”

एकतीस नंबर म्हणजे लॉरेन्सच्या ॲलन फील्डहाउसमध्ये छताखाली टांगलेली जर्सी. आमच्या घरापासून लॉरेन्स पाऊण तासाच्या आत येतं, त्यामुळे सीझनमध्ये एक-दोनदा तरी आम्ही कॅन्सस विद्यापीठाचे सामने बघायला जातो. १८९१मध्ये ज्यांनी हा खेळ शोधला ते डॉ. जेम्स नाइस्मिथ पुढे याच विद्यापीठात आले, इथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले आणि त्यांना मूठमातीही लॉरेन्सलाच मिळाली. (कॅन्ससच्या पुरुष संघाच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेले ते एकटेच. खेळ शोधणं वेगळं आणि जिंकणं वेगळं!) पहिल्यांदा गेलो तेव्हा वर टांगलेल्या जर्सींमध्ये विल्ट चेंबरलेन, डॅनी मॅनिंग अशी नावं वाचत वाचत लेक वुडर्डपाशी थांबली होती. “ही बाई आहे?” असं तिने विचारलं होतं. कॅन्ससमध्ये पुरुष आणि महिला धरून सगळ्यात जास्त पॉइंट हिचेच आहेत, मॅनिंगपेक्षाही जवळजवळ सातशे जास्त, हे मी तिला तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. काल ती तेच आठवून विचारत होती. माझ्याकडे उत्तर होतं, पण आठवीतल्या मुलीला सांगायला लाज वाटावी असं ते उत्तर होतं.

बेकरसाहेब, तुम्ही अध्यक्ष होऊन परवाच्या १ मार्चला एक वर्ष झालं. तुम्ही स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले आहात. त्यामुळे पुढचं तुम्हाला नवीन नसेल. तरी माझ्या लोकांसाठी सांगते.

लिनेट वुडर्ड ही विचिटाची. (वयाने ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, तिला ‘त्या’ म्हणायला हवं. पण आमच्याकडे सचिनला कुणी ‘ते’ म्हणत नाही. आवडत्या खेळाडूला एकेरीच.) जन्म १९५९चा. ती पाच वर्षांची असताना, जानेवारी १९६५मध्ये, हवाई दलाचं इंधनाने भरलेलं केसी-१३५ विमान तिच्या घराजवळच्या वस्तीवर कोसळलं. तीस माणसं गेली. त्या जळून गेलेल्या जागेवर पुढे बाग झाली. घरात ती आणि तिचा भाऊ मोज्यांचा बोळा करून बास्केटबॉल खेळायची. आमच्याकडे चिंध्यांचा चेंडू करतात, तसलाच प्रकार. विचिटा नॉर्थ हायस्कूलला तिने १९७५ आणि १९७७मध्ये राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि १९७७च्या हिवाळ्यात ती मारियन वॉशिंग्टन यांच्या हाताखाली कॅन्सस विद्यापीठात खेळायला लागली.

चार वर्षं. १३९ सामने. ३,६४९ पॉइंट, म्हणजे सामन्यामागे सव्वीसच्या वर. सोबत १,७१४ रिबाउंड. सहा फूट उंचीची ही मुलगी रिबाउंड घ्यायची, स्वतःच बॉल पुढे न्यायची, समोरच्याच्या हातातून बॉल काढायची. पहिल्याच वर्षी रिबाउंडमध्ये ती देशात पहिली होती. चारही वर्षं ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत. १९८१मध्ये देशातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूची वेड ट्रॉफी. १९८०च्या ऑलिंपिक संघात तिची निवड झाली, पण अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये कर्णधार म्हणून सोनं घेतलं. पुढच्या वर्षी करमणुकीचे सामने करत जगभर फिरणाऱ्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्सने पहिल्यांदा एक बाई संघात घेतली, ती हीच. तिचा चुलतभाऊ गीस ऑस्बी त्या संघात अनेक वर्षं खेळलेला, त्यामुळे हे स्वप्न घरातलंच होतं. मग इटली, जपान. १९९७मध्ये डब्ल्यूएनबीए ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा ही सदतिशी ओलांडलेली, तरी दोन सीझन खेळली. २००४मध्ये नाइस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली.

एवढं सगळं जगाने पाहिलं. तुमच्या विक्रमांच्या पुस्तकात मात्र तिच्या कॉलेजच्या चार वर्षांचा एक पॉइंट नाही. का? तर ती खेळली तेव्हा महिलांचा कॉलेज खेळ एनसीएए चालवत नव्हती. तो एआयएडब्ल्यू नावाची, महिला क्रीडाशिक्षकांनी १९७१मध्ये उभी केलेली संस्था चालवायची. तुम्ही महिलांच्या स्पर्धा सुरू केल्यात १९८१-८२मध्ये, आणि तुमची महिलांची वही तिथून उघडते. लिनेट १९८१च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडली. एक वर्षाचा फरक.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘सर्वाधिक’ या शब्दाची. २००१मध्ये जॅकी स्टाइल्सने पट्रिशिया हॉस्किन्सचा ३,१२२चा आकडा ओलांडून ३,३९३ केले. मोठा विक्रम म्हणून गाजला. २०१७मध्ये केल्सी प्लमने ३,५२७ केले. पुन्हा तेच. यंदा १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध क्लार्कने प्लमला मागे टाकलं, त्या रात्री ४९ पॉइंट केले, आणि सगळ्या देशात दिवाळी झाली. या तिन्ही वेळा ३,६४९ हा आकडा या सगळ्यांच्या वर बसलेला होता. उघड, छापील, हॉलच्या छताला टांगलेला. क्लार्कने खऱ्या अर्थाने तो ओलांडला २८ फेब्रुवारीला, मिनेसोटात, ३३ पॉइंट करून. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर बरोबर ३,६५० होते. एका पॉइंटने! असा योग कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकतील. पण तुमच्या वहीच्या हिशेबाने त्या रात्री काहीच घडलं नव्हतं, कारण तुमच्या वहीत ओलांडायला तिथे कुणी नव्हतंच. आयोवाच्या प्रशिक्षक लिसा ब्लुडर यांनी मात्र खरा विक्रम हाच, असं जाहीरपणे सांगितलं. प्रशिक्षकाला जे दिसतं ते संघटनेला दिसू नये?

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून जरा सविस्तर.

याच वर्षी जानेवारीत स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडर्व्हिअर यांनी १,२०३वा विजय मिळवला. कॉलेज बास्केटबॉलमध्ये, पुरुष असोत की महिला, तोवरचे सर्वाधिक विजय. तुम्हीही त्यांचं अभिनंदन केलंत आणि ते योग्यच होतं. पण त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या १९७८मध्ये, आयडाहोत. १९७८ ते १९८१ या काळातले त्यांचे विजय एआयएडब्ल्यूच्या राज्यातले. ते मोजलेत ना? पॅट समिट यांचे १,०९८ विजय १९७४पासूनचे. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. तेही सगळे मोजलेत. लिनेटच्या स्वतःच्या प्रशिक्षक मारियन वॉशिंग्टन यांच्या ५६० विजयांमध्ये लिनेटने खेळून जिंकून दिलेले सामने आहेत.

म्हणजे सामना तोच. कोर्ट तेच, रात्र तीच, पंच तेच. प्रशिक्षकाच्या खात्यात तो विजय जमा आहे. तो विजय ज्या बास्केटांनी झाला त्या बास्केटा मात्र कुणाच्याच खात्यात नाहीत. समजा सामना ८०-७० असा जिंकला आणि लिनेटने त्यात तीस केले. तुमच्या पुस्तकाच्या हिशेबाने ‘विजय’ झाला, पण हे तीस पॉइंट कुणी केले? भुताने? कुठल्याही गावच्या हिशेबनिसाला हे दाखवा. जमेच्या बाजूला रक्कम आहे आणि पावती नाही, असं म्हणून तो चष्मा कपाळावर सरकवेल.

प्रशिक्षकांचे विजय मोजलेत ते बरोबरच केलंत. तेवढ्याने एक गोष्ट मात्र सिद्ध होते, की तो काळ मोजता येतो. कागद आहेत, आकडे आहेत, आणि मोजायची तयारी असली की ते सापडतात.

तिसरी तक्रार इतिहासाची, आणि ती बोलताना मी जिभेवर ताबा ठेवणार आहे. १९७२मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि शिक्षणसंस्थांना मुलींना खेळातही समान वागणूक देणं भाग पडलं. १९७४मध्ये पैसे मिळवून देणारे खेळ त्यातून वगळावेत अशी दुरुस्ती सिनेटर टॉवर यांनी मांडली. तुमची संघटना तिच्या बाजूने होती. ती टिकली नाही, तेव्हा १९७६मध्ये एनसीएए कोर्टात गेली. तिथेही यश आलं नाही. मग १९८१च्या जानेवारीत तुम्ही ठरवलंत की महिलांच्या स्पर्धा आपणच घ्यायच्या. टीव्ही तुमच्याकडे, पैसा तुमच्याकडे. एआयएडब्ल्यूचे सभासद तुमच्याकडे वळले आणि १९८२मध्ये त्या संस्थेला टाळं लागलं. तिने कोर्टात दाद मागितली, पण ती हरली. व्यवहारात हे होतं, मान्य. पण दुकान घेतलं, गिऱ्हाईक घेतलं, तर जुनी खातेवही रस्त्यावर फेकत नाहीत. आमच्याकडे किराणा दुकान चालवायला घेणारा माणूससुद्धा आधीच्या मालकाच्या वह्या माळ्यावर बांधून ठेवतो.

आणि एक भौगोलिक गंमत. त्या काळात एनसीएएचं मुख्य कार्यालय होतं कॅन्ससमधल्या मिशन गावात. लिनेट लॉरेन्समध्ये तीसतीस पॉइंट करत होती तेव्हा तुमचे अधिकारी तिथून चाळीस मिनिटांच्या अंतरावर बसलेले होते. नंतर हे कार्यालय मिशनहून माझ्याच गावात, ओव्हरलँड पार्कला आलं आणि १९९९मध्ये इंडियानापोलिसला गेलं. पलीकडच्या गल्लीतलं लग्न दिसलं नाही म्हणतात, तसं झालं.

चौथी तक्रार बॉलची. ती मी अधिकाराने करते.

मी ज्या काळात खेळले त्या काळात आम्हा मुलींना वेगळा बॉल नव्हता. पुरुषांचाच सात नंबरचा. जागतिक संघटनेने महिलांसाठी सहा नंबरचा बॉल आणला २००४मध्ये, तोवर माझे गुडघे गेले होते. सात नंबरचा घेर सहा नंबरपेक्षा साधारण एक इंचाने मोठा. ऐकायला एक इंच. पण माझी उंची पाच फूट दोन इंच, तळहात त्या बेताचा. एका हाताने पास द्यायचा तर करंगळी बॉलवर टेकायचीच नाही, हवेत राहायची. डिसेंबरच्या सकाळी सहा वाजता नागपूरच्या थंडीत तो बॉल दगडासारखा लागायचा आणि ड्रिबल करताना बोटांची टोकं बधिर व्हायची. मेमध्ये डांबर वितळून बॉलला चिकटायचं, तळवे काळे व्हायचे आणि आई त्या हातांनी फ्रिजला हात लावू द्यायची नाही. लांबून शूट करायचं तर मनगट पुरत नसे, खांद्यापासून ढकलावं लागायचं.

अमेरिकन कॉलेजांत मुलींचा छोटा बॉल आला १९८४-८५मध्ये. मुलींना थ्री-पॉइंट रेषा मिळाली १९८७-८८मध्ये. लिनेटचे सगळेच्या सगळे ३,६४९ मोठ्या बॉलने, आणि कितीही लांबून टाकला तरी दोनच पॉइंट. मी हे क्लार्कशी तुलना करायला सांगत नाही. क्लार्कने हा आकडा कमी सामन्यांत गाठला, हेही तितकंच खरं. तिच्यासमोर जसा बचाव उभा राहतो, तसा तेव्हा नसेल. दोन काळ तराजूत घालायला मी बसलेली नाही. पण तराजूत घालायचे झाले तरी दोन्ही पारडी तर हवीत! तुम्ही एक पारडंच काढून ठेवलंत.

शेवटची तक्रार त्यांच्यासाठी, ज्यांचं नाव अजून कमी लोक घेतात. पर्ल मूर. साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्सच्या फ्रान्सिस मॅरियन कॉलेजची गार्ड, म्हणजे बॉल हाताळून पुढे नेणारी खेळाडू, १९७५ ते १९७९. कॉलेजमधले तिचे एकूण पॉइंट ४,०६१. क्लार्क आज ३,६८५वर आहे. मूर छोट्या कॉलेजांच्या गटात खेळली, म्हणून तिची यादी वेगळी ठेवा, माझी हरकत नाही. हॉल ऑफ फेमने तिला २०२१मध्ये घेतलं, तोवर ती साठी ओलांडून गेली होती. किंवा पेनसिल्व्हेनियाच्या इमॅक्युलेटा कॉलेजचा संघ घ्या. १९७२ची पहिली एआयएडब्ल्यू स्पर्धा इलिनॉयमध्ये होती. जायला पैसे नव्हते, म्हणून मुलींनी टूथब्रश विकले. तरी अकराजणींपैकी आठजणींचाच खर्च निघाला. त्या आठजणी गेल्या आणि जिंकून आल्या. पुढची दोन वर्षंही त्याच जिंकल्या. महिलांच्या अजिंक्यपदांची तुमची यादी १९८२पासून सुरू होते. टूथब्रश विकणाऱ्या त्या मुली आज सत्तरीत आहेत.

मी एवढी का पेटले, हा प्रश्न नवऱ्यानेही काल रात्री विचारला. तर माझी एक छोटीशी जखम आहे, ती सांगून टाकते.

नागपूरच्या ज्या कॉलेजकडून मी खेळले, त्याचं नाव घेत नाही. आमचा मुलींचा संघ क्रीडा विभागाकडे नव्हताच. तो ‘लेडीज कॉमन रूम’च्या खात्यावर चालायचा. आमचे बूट, प्रवासखर्च, लिंबू सरबत, सगळं त्या खात्यातून. मॅडम एक होत्या, त्या इतिहास शिकवायच्या आणि संध्याकाळी साडी खोचून आम्हाला ले-अप शिकवायच्या. तीन वर्षं आम्ही विद्यापीठाच्या फायनलला गेलो, त्यातल्या दोनदा जिंकलो. पुढे मुलींचा संघ क्रीडा विभागाकडे गेला. काही वर्षांनी कॉलेजचा महोत्सव झाला, तेव्हा जिमखान्याच्या दारात शिसवी फळा लागला, सोनेरी अक्षरांत विजेत्या संघांची वर्षं. मी सुट्टीत भारतात गेले होते, म्हणून मुद्दाम बघायला गेले. मुलांची वर्षं १९६०च्या आसपासपासून. मुलींची सुरुवात आमच्यानंतर चार वर्षांनी. ऑफिसात विचारलं तर बाबू मान वर न करता म्हणाला, “ते आमच्या डिपार्टमेंटकडं नव्हतं न, मॅडम.”

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर दुखतं. तुम्हीही खोटं बोलत नाही. ‘ते आमच्याकडे नव्हतं.’

खेळणं सुटल्यावर मी काही वर्षं जिल्हा स्पर्धांना स्कोअरर म्हणून टेबलावर बसायचे. तेव्हा मोबाइल नव्हते, कॉम्प्युटर नव्हता. कार्बन घालून ठेवलेली स्कोअरशीट, दोन रंगांची पेनं, आणि बास्केट झाली की धावत्या आकड्यावर एक तिरपी रेघ, बाजूला खेळाडूचा नंबर. फ्री-थ्रो असला तर रेघेऐवजी भरीव ठिपका. वारा सुटला की कागदावर कंपास-पेटी ठेवायची. मुलींच्या सामन्याला प्रेक्षक म्हणजे दोन आया आणि एक चहावाला, पण रेघ तितक्याच काळजीने मारायची, कारण उद्या कुणी विचारलं तर हाच पुरावा. कॅन्ससमध्ये १९७८मध्येही असंच कुणीतरी टेबलाशी बसून एकतीस नंबरपुढे रेघा ओढत असणार. त्या रेघा खोट्या नव्हत्या. तुम्हाला हव्या तर आजही मोजता येतील.

‘नोंदी अपुऱ्या आहेत’ हे कारण तुम्ही द्याल, म्हणून आधीच उत्तर देते. काही ठिकाणी अपुऱ्या असतील. मग जिथे पूर्ण आहेत तिथून सुरुवात करा. लिनेटच्या चार वर्षांचे आकडे कॅन्सस विद्यापीठ स्वतःच्या पुस्तकात छापत आलंय. एआयएडब्ल्यूचे कागद मेरीलँड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट जपून ठेवलेले आहेत. कॉलेजांच्या कपाटांत स्कोअरबुकं आहेत. आणि ज्यांनी ती लिहिली त्यातल्या बऱ्याच जणी अजून हयात आहेत. अजून, असं म्हणते. दहा वर्षांनी हे वाक्य लिहिता येईल का, मला माहीत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या. फार नाहीत.

एआयएडब्ल्यूच्या काळातले खेळाडूंचे आकडे तुमच्या विक्रमांच्या पुस्तकात घ्या. त्यापुढे चांदणी काढा, वेगळा रकाना करा, ‘१९८१पूर्वी’ असं लिहा, काय हवं ते करा, पण त्याच पुस्तकात, त्याच पानावर. मोठी कॉलेजं आणि छोटी कॉलेजं वेगळी दाखवा. अजिंक्यपदांची यादीही १९७२पासून छापा.

ते होईपर्यंत, निदान उद्यापासून, तुमच्या कुठल्याही मजकुरात महिलांच्या विक्रमाबद्दल ‘आजवरचा’ किंवा ‘इतिहासातला’ हे शब्द आले तर शेजारी ‘एनसीएएच्या काळातला’ हे लिहा. याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही, एक ओळ लागते.

जुन्या स्कोअरबुकांच्या प्रती काढून, तपासून, एकत्र ठेवायला कॉलेजांना पैसे द्या. २०२१मध्ये सॅन अँटोनिओत तुमच्या स्पर्धेसाठी आलेल्या मुलींच्या व्यायामशाळेत डंबेलांचं एकच रॅक ठेवलेलं जगाने पाहिलं, त्यानंतर तुम्ही चौकशी बसवलीत, मुलींच्या स्पर्धेलाही मुलांच्या स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव दिलंत, संघ ६८ केलेत. म्हणजे मनात आलं की होतं.

आणि लिनेट वुडर्ड, पर्ल मूर यांना पत्र लिहा. समारंभ नको. तुमच्या सहीचं पत्र, त्यात एक वाक्य : तुमचे पॉइंट आम्ही मोजले आहेत. लिनेट काल आयोवा सिटीत स्वतः हजर होती. आपला विक्रम ज्या मुलीने मोडला तिचं कौतुक करायला. विक्रम होता, हे ज्यांनी मान्य करायचं ते मात्र अजून केलेलं नाही.

उत्तराची वाट बघते.

आपली,
एक माजी गार्ड, नागपूर
मुक्काम ओव्हरलँड पार्क

ता. क. : इंग्रजी प्रत मिशनमधल्या पोस्टातून टाकते आहे. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, तुमच्या जुन्या पत्त्याचं गाव. सोबत लेकीने स्वतःच्या अक्षरात एक कागद जोडलाय, यादीची प्रत. क्लार्क आणि प्लम यांच्यामध्ये तिने पेन्सिलने एक ओळ घातली आहे. खोडू नका.